दोन रेघा दिसल्या, पण गर्भ कुठे आहे?

पाळी चुकली की आपण आशाताईंकडून निश्चय किट घेतो. दोन रेघा आल्या तर दिवस गेले, एकच आली तर नाही, असं धरून चालतो. पण या पट्टीला सगळंच कळत नाही.

गर्भ राहिला की शरीरात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं. ते लघवीत उतरलं की दुसरी रेघ उमटते. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे मात्र पट्टी सांगत नाही. शंभरातल्या एक-दोघींचा गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा नळीत रुजतो. तिथे हे संप्रेरक कमी बनू शकतं. मग रेघ पुसट येते, क्वचित येतच नाही. बाई निर्धास्त होते, आणि गर्भ नळीत वाढत राहतो. नळी पिशवीसारखी ताणत नाही. ती फुटली की पोटात रक्त साचतं आणि जिवावर बेततं.

खुणा लक्षात ठेवा: ओटीपोटात, बहुधा एका बाजूला दुखणं, मधेच डाग दिसणं, भोवळ येणं, खांद्याच्या टोकाला कळ येणं. थोडं अंगावर गेलं म्हणजे पाळीच आली, असं समजू नका.

“माझं तर ऑपरेशन झालंय,” असं कुणी म्हणेल. नसबंदीनंतर किंवा तांबी असताना दिवस जाणं विरळच. पण गेलेच, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त. आणि दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. रक्त जातं, मोकळं झाल्यासारखं वाटतं, गर्भ तिथेच असतो.

दवाखान्यात सोनोग्राफी करतात. फार लवकर केली तर काहीच दिसत नाही, म्हणून रक्तातलं एचसीजी तपासून 48 तासांनी पुन्हा तपासतात. दुसऱ्यांदा बोलावलं तर रोजगार बुडतो म्हणून टाळू नका. वेळेत कळलं तर काहींचं इंजेक्शनवर भागतं, नाहीतर ऑपरेशन लागतं.

डॉक्टरांना आपणहून सांगा: शेवटची पाळी कधी आली, नसबंदी किंवा तांबी आहे का, गोळ्या घेतल्या का.

पाळी चुकलेली आणि पोटात कळ किंवा चक्कर असेल, तर पट्टी काहीही सांगो, लगेच 108 ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूर शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. गटातली बाई एकटी असेल तर एकीने तिच्यासोबत जावं. हे दुखणं अंगावर काढायचं नाही.