गिझरचा प्लग गरम का होतो? व्होल्ट, अँपिअर आणि वॅटचं साधं गणित

थंडी सुरू झाली, की अनेक घरांत गिझर किंवा हीटर साध्या एक्स्टेंशन बोर्डला जोडला जातो. थोड्या वेळाने प्लग हाताला गरम लागतो, कधी प्लास्टिक जळल्याचा वास येतो. गिझर बिघडलेला नसतो, व्होल्टेजही वाढलेलं नसतं. मग चुकतं कुठे?

तीन शब्द, एक सूत्र

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. विजेचा असा दाब म्हणजे व्होल्टेज. पाइपमधून सेकंदाला किती पाणी वाहतं, तसा तारेतून वाहणारा विजेचा प्रवाह म्हणजे करंट. तो अँपिअरमध्ये मोजतात. दाब आणि प्रवाह मिळून काम किती वेगाने होतं, ते सांगते पॉवर, म्हणजेच वॅट.

वॅट = व्होल्ट × अँपिअर

घरातलं गणित

भारतात घरगुती वीजपुरवठा साधारण २३० व्होल्टचा असतो. त्यामुळे ९ वॅटचा एलईडी बल्ब जेमतेम ०.०४ अँपिअर करंट घेतो. २,००० वॅटचा गिझर मात्र ८.७ अँपिअर घेतो. लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं, म्हणजे फार तर १,३८० वॅटसाठी.

खरा धोका पुढे आहे. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ ऐवजी ८.७ अँपिअर वाहिले, तर उष्णता दुपटीहून जास्त होते. त्यात प्लग सैल असेल, तर ती नेमकी त्याच जागी साठते.

व्होल्टेज कमी झालं तर?

पुरवठा २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर गिझरच्या कॉइलमधला करंटही कमी होतो. २,००० वॅटचा गिझर सुमारे १,२२५ वॅटवर चालतो आणि पाणी तापायला वेळ लागतो, इतकंच.

शेतातल्या पंपाचं उलट होतं. विहिरीतून पाणी उपसण्याचा भार जवळपास तेवढाच राहतो. दाब कमी पडला, की मोटर तो भार पेलण्यासाठी जास्त करंट ओढते. वाइंडिंग तापतं, वरचं इन्सुलेशन जळतं आणि मोटर जळते. म्हणूनच पंपाच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले नीट सेट केलेला असावा लागतो.

काय लक्षात ठेवायचं?

उपकरणावरच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० ने भागलं, की अंदाजे अँपिअर मिळतात. एका बोर्डवर अनेक उपकरणं असतील, तर सगळ्यांची बेरीज करा. गिझरसाठी १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तार हवी.

एमसीबी सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणं, हा उपाय नाही. एमसीबी भिंतीतल्या तारेला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला, तरी तार तेवढीच राहते. मग एमसीबी पडण्याआधी तार जळू शकते.