पुढचा पाय : सॉफ्टबॉलच्या फटक्यातील बळ कोठून येते?

सॉफ्टबॉल हा खेळ नांदेड-लातूरकडच्या लोकांना आता अगदीच परका राहिलेला नाही. शालेय स्पर्धांत तो आहे, महाविद्यालयांच्या सामन्यांत तो आहे, आणि मुलांच्या बरोबरीने मुलीही तो खेळतात. असे असूनही आपल्या घरांतून या खेळाचा विषय निघतो तो बहुधा दोनच निमित्तांनी. एक, दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण; आणि दुसरे, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के राखीव जागा. ही दोन्ही निमित्ते काही वाईट नाहीत. परंतु ज्या खेळाकडे आपण केवळ प्रमाणपत्राच्या वाटेने पाहतो, त्या खेळाची खरी विद्या आपल्याला कळत नाही. आणि ती न कळल्याची किंमत मुलांना, विशेषतः त्यांच्या गुडघ्यांना, मोजावी लागते. म्हणून आज आपण या खेळातील एकच गोष्ट घेऊ आणि तिचा नीट उलगडा करू. ती गोष्ट म्हणजे फटका मारणाऱ्याचा पुढचा पाय.

प्रथम खेळाची थोडी ओळख. सॉफ्टबॉल हे बेसबॉलचेच धाकटे भावंड. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात, घरात बसून खेळता यावे म्हणून, मुष्टियुद्धाचा एक हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवला, तेथे या खेळाचा जन्म झाला. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९६१ साली स्थापन झाली. १९९६ पासून २००८ पर्यंत स्त्रियांचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये होता, आणि मध्यंतरीच्या खंडानंतर २०२१ साली टोकियोत तो पुन्हा खेळला गेला. बेसबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून फेकतात. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरवून. पण फटका मारण्याची रीत दोन्हींत मूलतः एकच.

आता बॅटरपुढची अडचण पाहा. स्त्रियांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू फेकण्याची जागा १३.११ मीटर दूर असते. फेकणारी मुलगी पाऊल पुढे टाकूनच चेंडू सोडते, म्हणजे चेंडूला प्रत्यक्षात साडेअकरा मीटरच्या आसपासच यायचे असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू हे अंतर सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो. त्यांतला तिसरा हिस्सा तरी बॅट फिरविण्यातच जातो. उरलेल्या वेळात चेंडू पाहायचा, ओळखायचा आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. एवढ्या थोडक्या अवकाशात चेंडूला कुंपणापर्यंत धाडणारे बळ यावे कोठून?

आपल्याकडे याचे ठरलेले उत्तर आहे, 'मनगटातून'. दंड-मनगट जोरदार असले की फटका जोरदार बसणार, असे आपण धरून चालतो. पण माणसाच्या शरीरातले मोठे स्नायू दंडात नसून मांड्यांत आणि कुल्ल्यांत असतात. हात हे या बळाचे धनी नव्हेत. ते केवळ पोचविणारे आहेत. बळ जमिनीपासून निघते, पायांतून वर चढते, कंबरेत त्याला पीळ बसतो, आणि मग ते छाती, खांदे, हात या क्रमाने बॅटीपर्यंत जाते. या प्रवासातला मोक्याचा नाका म्हणजे पुढचा पाय. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत हा पाय डावा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडचा.

तो काय करतो हे समजण्यास बैलगाडी डोळ्यांपुढे आणावी. गाडी सरळ चालली आहे आणि तिचे एक चाक एकाएकी धोंड्याला अडले, तर काय होते? अडलेले चाक तेथेच राहते, दुसरे पुढे येते आणि सारी गाडी अडलेल्या चाकाभोवती वळते. सरळ जाणारी गती अशी फिरण्याच्या गतीत पालटते. बॅटरचेही तसेच आहे. चेंडू येताना तो पुढचे पाऊल हलकेच पुढे टाकतो आणि अंगाचा भार मागच्या पायावरून पुढे येऊ लागतो. पाऊल टेकते, टाच रुजते, आणि पुढचा पाय त्या भाराला अडवितो. पुढच्या बाजूचा खुबा थांबतो. मागच्या बाजूचा खुबा मात्र पुढे येतच असतो. परिणामी कंबर गर्रकन फिरते.

परंतु पुढचा पाय धोंड्यासारखा नुसता अडून राहत नाही. तो उलट ढकलतोही. पाऊल टेकते तेव्हा गुडघा किंचित वाकलेला असतो. बॅट फिरू लागली की तो सरळ होऊ लागतो आणि पाय जमिनीला पुढे व खाली रेटतो. जमीन तितक्याच जोराने पायाला मागे व वर रेटते. हा रेटा शरीराच्या एकंदर वजनापेक्षाही अधिक असतो, असे मोजमापांत दिसून आले आहे. वाचकांनी हे घरी करून पाहावे. एक पाय पुढे टाकून गुडघा थोडा वाकवा, हात छातीशी घ्या, आणि टाच न हलविता तो गुडघा जोराने सरळ करा. त्या बाजूचा खुबा आपोआप मागे जातो आणि कंबर वळते. बॅटरच्या फटक्यातले मर्म ते हेच.

पाय दृढ का हवा, याचा दुसरा दाखला गोदावरीच्या घाटावर मिळेल. हलक्या होडीतून काठावर उडी मारू गेले की होडीच मागे सरते आणि उडी तोकडी पडते. काठावरच्या दगडावरून तीच उडी मारली तर ती लांब जाते. ज्याला रेटा द्यायचा ते डळमळीत असले, तर रेटा वाया जातो. पुढचा गुडघा ढिला पडून वाकत गेला, तर बॅटरच्या अंगची गती त्या वाकण्यातच मुरते. शिवाय गुडघ्याबरोबर डोके खाली येते, डोक्याबरोबर डोळे. आणि ऐन वेळी चेंडू होता त्याहून वर दिसू लागतो.

यापुढचे काम गोफणीचे. ज्वारीच्या शेतात मचाणावर उभा राहून पाखरे हाकणारा गोफण फिरवतो आणि हात एकदम आवरतो. हात थांबतो, पण त्याचा वेग गोफणीच्या टोकाकडे जातो आणि दगड सणकत सुटतो. बॅटरच्या शरीरातही पुढचा पाय थांबला की कंबर वेग घेते, कंबर मंदावली की छाती, छाती मंदावली की हात, आणि सर्वांत शेवटी बॅटीचे टोक. जड भागाने थांबावे आणि हलक्या भागाने वेग घ्यावा, असा हा क्रम आहे. भालाफेकीतही हेच घडते. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले. धावत येऊन शेवटी डावा पाय तो कसा ताठ रोवतो, हे चित्रफितीत सावकाश पाहावे.

येथे एक शंका येईल. आमची मुले लहानपणापासून क्रिकेट खेळतात. मग फटक्याची ही विद्या त्यांना आयती का येत नाही? कारण असे की, क्रिकेटने अंगी बाणविलेली सवय येथे आड येते. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा घेऊन वर येतो, बॅट बहुतेक उभी चालते, आणि पुढे येऊन ड्राइव्ह मारताना पुढचा गुडघा वाकवून डोके चेंडूवर आणणे हेच शहाणपणाचे. चेंडू जमिनीलगत ठेवायचा तर असेच करायला हवे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता येतो आणि बॅट जवळजवळ आडवी फिरते. येथे शरीराने पुढे झुकायचे नसून आपल्या उभ्या कण्याभोवती फिरायचे असते. एका खेळातला गुण दुसऱ्या खेळात दोष ठरतो, तो असा. म्हणून क्रिकेट चांगले खेळणारा मुलगा सॉफ्टबॉलमध्ये चाचपडला तर त्याला अडाणी म्हणू नये. त्याचा गुडघा पूर्वीचा धडा गिरवीत आहे, इतकेच.

तथापि 'पुढचा पाय ताठ ठेव' एवढाच मंत्र देऊन सोडणेही बरोबर नाही. टेकतानाच गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ असेल, तर धक्का स्नायूंनी झेलण्याऐवजी सांध्यावर बसतो आणि ढकलण्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. आधी किंचित वाकलेला, मग सरळ होणारा, हा क्रम महत्त्वाचा. आणि चेंडू हळू आला तर अनुभवी बॅटर गुडघा क्षणभर वाकलेलाच ठेवून वाट पाहतो. म्हणून पाऊल आधी टेकावे आणि निर्णय मागाहून व्हावा. पाऊल हवेत असताना घाई करणारा हमखास फसतो. याला उत्तम उदाहरण जपानच्या सादाहारू ओ यांचे. १९६२ पासून ते पुढचा पाय बगळ्यासारखा उचलून चेंडूची वाट पाहत. पाय उचलण्याची ती ढब लोकांच्या ध्यानात राहिली. पण खरी करामत तो पाय वेळेवर आणि त्याच जागी परत टेकण्यात होती. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९८० पर्यंत, त्यांनी ८६८ होमरन मारले.

आता गुडघ्याविषयी. पाऊल जमिनीत घट्ट रुतलेले आणि वरचे शरीर वेगाने फिरते, अशा वेळी मधल्या मध्ये पिळला जातो तो गुडघा. त्याची घडण मुख्यतः पुढे-मागे वाकण्यासाठी आहे. पीळ सोसण्यासाठी नव्हे. एकाएकी थांबण्याच्या आणि वळण्याच्या खेळांत गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. उपाय अवघड नाही. पाऊल टाकताना बोटे अगदी आडवी न ठेवता थोडी फेकणाऱ्याच्या दिशेने वळवावीत. गुडघा बोटांच्या रेषेत असावा, आत कोसळू देऊ नये. आणि पाऊल लांब फेकू नये. फार लांब पावलाने शरीर दोन पायांच्या मध्ये अडकते आणि कंबर फिरतच नाही.

यात जमिनीचाही वाटा आहे. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मुरूम टाकला तर पाय घसरतो. ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे उन्हाळ्यात मैदानावर रोज पाणी मारा असे कोणत्या तोंडाने सांगावे? पण सारे मैदान भिजवायची गरजच नाही. बॅटर ज्या चौकटीत उभी राहते ती जागा ०.९१ मीटर रुंद आणि २.१३ मीटर लांब एवढीच असते. अशा दोन चौकटी खणून, माती-मुरूम समप्रमाणात कालवून, चोपून घट्ट केल्या, तर दोन-चार घागरी पाण्यात त्या नीट राहतील. शाळेला हा खर्च जड नाही.

पालकांकडून आमचे मागणे याहूनही थोडे आहे. मुलगी सामना खेळून घरी आली की 'प्रमाणपत्र मिळाले का?' हे विचाराच. पण त्याबरोबर 'गुडघा दुखत नाही ना?' हेही विचारा. ती दुखतो म्हणाली, तर 'खेळात चालायचेच' असे म्हणून तो प्रश्न टाळू नका. तिला मैदानावर न्या, पाऊल टाकायला सांगा, आणि तिची बोटे कोणीकडे वळली आहेत हे वाकून पाहा. आणि दुखणे चार दिवसांत थांबले नाही, तर बॅट बाजूला ठेवून तिला डॉक्टरांना दाखवा.