छातीचा एक्स-रे काय सांगतो आणि काय सांगत नाही

वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्सप्रेस भुसावळ सोडून खांडव्याच्या दिशेने निघाली की ताप्तीच्या खोऱ्यात बुऱ्हाणपूर लागते. शहर मध्य प्रदेशातले. पण महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर असल्याने हिंदी-उर्दूबरोबर मराठीही तिथे सहज कानी पडते. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये याच शहरात झाला, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. शहराचे पोट मात्र शतकानुशतके कापडावर चालत आले आहे. सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने इथल्या तलम कापडाच्या व्यापाराची नोंद केली. पुढे लालबाग भागात ताप्ती मिल उभी राहिली आणि आज गल्लीगल्लीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो.

मागांच्या शहरात खोकला ही नवलाची गोष्ट नसते. हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात, खोल्या कोंदट असतात, दारे-खिडक्या पुष्कळदा बंद असतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला की डॉक्टर ‘छातीचा फोटो’ काढायला सांगतात. कामगार एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून रांगेत उभा राहतो, काळी पट्टी घेऊन परततो आणि ‘फोटोत काही नाही’ हे शब्द ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावर जातो. या तीन शब्दांचा नेमका अर्थ काय, हे समजण्यासाठी तो फोटो तयार कसा होतो, इथपासून सुरुवात करावी लागते.

क्ष-किरणांचा शोध जर्मनीतील व्युर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना लागला. निर्वात नळीतून वीज सोडण्याचे प्रयोग चालू असताना नळी काळ्या कागदाने झाकलेली होती, तरी जवळचा रसायन लावलेला पडदा उजळला. हे अज्ञात किरण म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर वापरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. बोटांची हाडे आणि अंगठी त्यात स्पष्ट दिसत होती. भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये त्यांनाच मिळाले. शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही, म्हणून हे तंत्र वाऱ्यासारखे पसरले. अवघ्या दोन वर्षांत, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी वायव्य सरहद्दीवर हे यंत्र नेऊन जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधल्या होत्या.

आजच्या यंत्रातील नळीचा मूळ आराखडा विल्यम कूलिज यांनी १९१३ मध्ये बनविलेल्या नळीचा आहे. आत हवा नसते. एका टोकाला, म्हणजे ऋणाग्रावर, टंगस्टनची बारीक तार असते. जुन्या विजेच्या दिव्यातील तारेसारखी ती तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोर धनाग्र असते. तेही टंगस्टनचेच, बहुधा वेगाने फिरणाऱ्या तबकडीच्या रूपात. या दोन टोकांमध्ये प्रचंड विद्युतदाब दिला जातो. घरातील वीज २३० व्होल्टची असते. इथे दाब एक लाख व्होल्टच्या घरात, म्हणजे घरगुती दाबाच्या चारशे पटींहून अधिक जातो. त्या ओढीने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावत जाऊन तबकडीवर आदळतात.

आदळल्यावर काय होते? टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉनची वाट वाकते, त्याचा वेग एकदम घटतो आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. काही इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणूतील आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ती रिकामी जागा भरताना ठरावीक ऊर्जेचे किरण निघतात. निदानासाठी लागणारे बहुतेक किरण पहिल्या प्रकाराचे असतात. गंमत अशी की एवढा खटाटोप करून शंभर भाग ऊर्जेपैकी जेमतेम एक भाग क्ष-किरणांत उतरतो. बाकी सारी उष्णता. म्हणूनच ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळणारे टंगस्टन निवडावे लागले आणि मारा एकाच जागी पडून खड्डा पडू नये म्हणून तबकडी फिरती ठेवावी लागली. बटण दाबण्यापूर्वी यंत्रातून जी घरघर ऐकू येते, ती बहुधा हीच तबकडी गती घेत असल्याची असते.

एक भीती इथेच दूर करायला हवी. बटण सोडले की किरण संपले; दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे. खोली, कपडे किंवा रुग्णाचे शरीर किरणोत्सर्गी होत नाही. फोटो काढून आलेल्या आईने बाळाला जवळ घ्यायला काहीच हरकत नसते.

तंत्रज्ञाच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी असतात. विद्युतदाब किरणांची भेदनशक्ती ठरवतो. प्रवाह आणि वेळ मिळून किरणांची संख्या ठरवतात. हाताच्या पंजासाठी पन्नास-पंचावन्न किलोव्होल्ट पुरतात. छातीसाठी मात्र ११० ते १२५ किलोव्होल्ट वापरण्याची पद्धत आहे. छातीत तर बरीचशी हवाच. मग इतका दाब कशाला, असा प्रश्न पडेल. कमी ऊर्जेचे किरण हाडांतील कॅल्शियम फार अडवते. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, तर मांसातील कार्बन व ऑक्सिजनचे ६ आणि ८. आणि हे अडवणे अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. कमी दाबावर घेतलेल्या छातीच्या फोटोत बरगड्या पांढऱ्याशुभ्र उठतील आणि त्यांच्यामागची फुप्फुसे झाकली जातील. दाब वाढवला की बरगड्या फिकट होतात आणि मागचे दिसू लागते.

उभे राहण्याची पद्धतही अशीच विचारपूर्वक ठरलेली आहे. छाती पाटीला टेकवून, पाठ नळीकडे करून, नळी साधारण १८० सेंटिमीटर दूर ठेवली जाते. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते. ते पाटीच्या जवळ आले की त्याची सावली खऱ्या आकाराच्या जवळपास राहते. उलट उभे केले तर हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. खांदे पुढे ढकलायला सांगतात ते खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला जावीत म्हणून. खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात, कारण त्यामुळे श्वासपटल खाली जाते आणि फुप्फुसांचा तळ उघडा पडतो. अर्धवट श्वासात काढलेल्या फोटोत निरोगी फुप्फुसाचा तळही धुरकट दिसू शकतो. गळ्यातला ताईत, मंगळसूत्र, कपड्याची धातूची बटणे काढायला लावणे ही उगाच केलेली कटकट नव्हे. जाड वेणी खांद्यावरून पुढे आली तर तिचीही सावली फुप्फुसाच्या वरच्या भागावर पडते. क्षयाचे डाग बहुधा त्याच भागात दिसतात.

आता खुद्द चित्राकडे. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. किरण जिथून अडथळ्याविना पार झाले तिथे काळे, जिथे अडले तिथे पांढरे. हवा काळी, चरबी करडी, मांस, रक्त व पाणी अधिक फिके, हाड आणि धातू पांढरे. इतक्याच मोजक्या छटा. निरोगी फुप्फुस काळे दिसते ते हवेमुळे. त्या हवेच्या जागी पू, पाणी किंवा रक्त भरले की डाग पांढरा होतो. तो नेमका कशाने भरला आहे, हे सावली सांगत नाही. न्यूमोनिया, क्षय, गाठ, जुन्या आजाराचा व्रण यांच्या सावल्या पुष्कळदा एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात. अनुभवी डॉक्टर जागा, आकार आणि कडा पाहून अंदाज बांधतो. पण तो अंदाजच.

म्हणून क्षयाच्या बाबतीत एक्स-रे हा शेवटचा शब्द नाही. फोटोत डाग दिसला की थुंकीची तपासणी करून जंतूची खात्री करून घ्यावी लागते. इथे गोमंतकीय वाचकांना अभिमान वाटावा असा एक दुवा आहे. थुंकीतील क्षयजंतूचा जनुकीय अंश तासाभरात शोधणाऱ्या आणि देशभर वापरल्या जाणाऱ्या ट्रूनॅट तपासणीमागची मोलबायो ही कंपनी वेर्णा येथील आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीला २०२० मध्ये मान्यता दिली.

मग थेट थुंकीच का तपासू नये? कारण क्षयाच्या अनेक रुग्णांना सुरुवातीला खोकलाच नसतो, थुंकी द्यावी असे त्यांना सुचतही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत असे आढळले की, छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. सरसकट छाती तपासण्याची कल्पना तशी जुनी आहे. ब्राझीलचे डॉक्टर मानुएल दि आब्रेउ यांनी १९३६ मध्ये लहान आकाराच्या फिल्मवर स्वस्तात छातीचे फोटो घेण्याची पद्धत काढली. पोर्तुगीज भाषेत तिला त्यांचेच नाव मिळाले. आज तेच काम तीन-साडेतीन किलो वजनाची, हातात धरता येणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रे वस्तीत जाऊन करू शकतात. फोटो संगणक वाचतो आणि संशयित डाग दाखवतो. १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी अशा संगणकीय वाचनाचा वापर करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अनुकूलता दर्शविली. मागांच्या दाट वस्तीत, जिथे दवाखान्यात जाणे म्हणजे मजुरी बुडणे, तिथे या यंत्राचे मोल मोठे आहे.

तरीही कापडाच्या गावात एक्स-रेची एक मर्यादा विशेष लक्षात ठेवावी लागते. दगडखाणीत किंवा खडी क्रशरवर काम करणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साचली की तिथे कठीण गाठी होतात आणि त्या फोटोत ठिपक्यांसारख्या दिसतात. कापसाच्या धुळीचे तसे नाही. तिच्यामुळे होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात श्वासनलिका आकसतात. फुप्फुसात किरण अडवील असे काही साचत नाही. त्यामुळे छाती आवळून धाप लागणाऱ्या कामगाराचाही एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. हा आजार प्रामुख्याने कापूस पिंजण्याच्या व सूतकताईच्या खात्यांतला, जिथे धूळ सर्वांत दाट असते. विणकामात त्याचे प्रमाण कमी, पण तो नसतोच असे नाही. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती सर्वाधिक भरते आणि आठवडा सरता सरता त्रास कमी होतो. इंग्लंडच्या गिरण्यांत रविवारी सुटी असे, म्हणून तिथे हा ‘सोमवारचा’ आजार ठरला. वर्षे लोटली की तो सगळ्या वारांचा होतो आणि मग पुरता बरा होत नाही.

याचे निदान यंत्रापेक्षा प्रश्नाने अधिक होते: काम कोणते, किती वर्षे, त्रास कोणत्या दिवशी? त्याला जोड फुंकर मारून करावयाच्या स्पायरोमेट्री या तपासणीची. कामाच्या पाळीपूर्वी आणि पाळीनंतर ती केली तर फरक आकड्यांत दिसतो. ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ त्या दिवशी किरणांना अडवणारे काही सापडले नाही, इतकाच. कामगाराने आपला धंदा आणि त्रासाचा वार डॉक्टरांना आपणहून सांगितला पाहिजे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो कुणी विचारेलच, याची शाश्वती नसते.

राहता राहिला धोक्याचा प्रश्न. या किरणांचा धोका जगाला कळायला वेळ लागला आणि त्याची किंमत पहिल्या पिढीने मोजली. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली वर्षानुवर्षे नळीसमोर स्वतःचेच हात धरून प्रयोग करीत. हात गमावून १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आजचा हिशेब फार वेगळा आहे. छातीच्या एका साध्या फोटोत सुमारे ०.०२ मिलीसिव्हर्ट किरणमात्रा मिळते. जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळत असते. म्हणजे एक फोटो हा नैसर्गिक मात्रेच्या तीनेक दिवसांइतका. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ही मात्रा पाच-सात मिलीसिव्हर्टपर्यंत जाते. साध्या फोटोची धास्ती घेणारे अनेक जण ‘एकदा सीटी करूनच टाकू’ असा आग्रह धरतात, तो उलटा न्याय झाला. गरोदर स्त्रीने आपली अवस्था फोटोपूर्वी सांगावी. छातीच्या फोटोत गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा अत्यल्प असते, तरी गरज आणि काळजी ठरवणे डॉक्टरांवर सोपवावे.

खरा धोका दिवसाकाठी डझनावारी फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञाला असू शकतो. म्हणून तो आडोशामागे उभा राहतो आणि छातीवर किरणमात्रा मोजणारा बिल्ला लावतो. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. हातात धरायच्या यंत्राबाबत तर हा नियम फारच मोलाचा. देशातील प्रत्येक एक्स-रे यंत्राचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले, मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळ करते. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांनी कारण नसताना खोलीत थांबू नये. दार बंद करणाऱ्या तंत्रज्ञावर चिडण्याचे त्यात काही नाही.

जुनी फिल्म मात्र जपून ठेवावी. नव्या फोटोतला डाग दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतही तसाच असेल तर तो बहुधा बऱ्या झालेल्या आजाराचा व्रण असतो. नसेल तर तपास त्याच दिवशी सुरू करावा लागतो. फिल्म घडी करू नये, उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली तापू देऊ नये, दोन फिल्म ओलसर जागी एकमेकींना चिकटू देऊ नयेत. फोटो मोबाइलवर मिळाला असेल तर त्यावर नाव आणि तारीख आहे ना, ते पाहून घ्यावे.