दाखल्याचा ठसा

२०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्ली भागातले सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम राज्य सरकारने हाती घेतलं. या साखळीत जातो तो दाखल्याचा हॅश, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेला ठसा. ‘मडावी’ या आडनावाची वेलांटी ऱ्हस्व केली तरी ठसा पार बदलतो आणि दाखल्यावरचा क्यूआर कोड तपासताच खाडाखोड उघडी पडते. नोंदीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात, त्यामुळे मागाहून गुपचूप फेरफार करणं जवळपास अशक्य. पण दाखले देणाऱ्या प्रांत कार्यालयात मुळातच खोटी माहिती नोंदली गेली, तर ब्लॉकचेन तीही तशीच जपून ठेवते. म्हणून माझ्या मते आधी पैसा खर्च व्हावा तो वंशावळ आणि जुने कागद तपासणाऱ्या माणसांवर. आदिवासी मुलांच्या राखीव जागा खोट्या दाखल्यांनी हिरावल्या जातात त्या या तपासणीतल्या ढिलाईमुळे.