खारपाणपट्ट्यात पाणी मुरत काऊन नाही?

दर्यापूरकडे माझ्या काकांचं शेत आहे. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी साचलेलंच. काऊन?

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. इथल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याचे पापुद्रे जेमतेम 1 नॅनोमीटर जाड, आणि त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज. त्यामुळे पाण्यातले पॉझिटिव्ह आयन तिकडे ओढले जातात. आता आयन कोणता, यावर सगळा खेळ. कॅल्शियमवर दोन चार्ज, तो पापुद्रे जवळ धरून ठेवतो. मधे पाण्याचे मोजकेच थर मावतात. सोडियमवर एकच. तो सैल ढगासारखा लांबपर्यंत पसरतो आणि पाणी आत घुसत राहतं. पापुद्रे सुटे होतात, बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात. हीच चोपण जमीन.

गंमत (खरं तर वैताग) अशी की पाण्यात क्षार भरपूर असेपर्यंत पापुद्रे बऱ्यापैकी चिकटून असतात. पावसाचं गोडं पाणी पडलं की मात्र माती फुगते! म्हणजे ‘पाऊस मीठ धुऊन नेईल’ हे अर्धंच खरं. मीठ जातं, पापुद्र्याला धरलेला सोडियम राहतो.

म्हणून जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. किती टाकायचं ते माती तपासून ठरतं. पण सुटलेला सोडियम शेताबाहेर जायला चर पाहिजे. काकांनी पहिल्या वर्षी जिप्सम टाकलं, चर काढलाच नाही. यंदा आधी चर काढलाय.