जुना आयपॉड टीव्हीला जोडला, पण चित्र दिसत नाही?

आजी-आजोबांचा व्हिडिओ जुन्या आयपॉडमध्येच राहिलाय? २००५ मध्ये आलेल्या व्हिडिओ आयपॉडला हेडफोनच्या जागी एव्ही केबल लावून तो टीव्हीवर बघता येतो. हँडीकॅमची केबल वापरली, तर मात्र अनेकदा चित्रच येत नाही. आयपॉड बिघडलेला नसतो, त्यातला जोडणीचा क्रम वेगळा असतो. म्हणून लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये, पिवळी पांढऱ्यात आणि पांढरी लालमध्ये लावा. टीव्हीचा सोर्स 'एव्ही' ठेवा. आयपॉडच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'टीव्ही आउट' चालू करा, सिग्नल 'पाल' निवडा. भारतातले टीव्ही त्याच पद्धतीचे. टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल, तर एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल. आणि हो, आतली हार्ड डिस्क आता म्हातारी झालीय. दुसरी कॉपी नसेल, तर आजच करून ठेवा.