ठासणीच्या बंदुकीला बार काढल्यावर नुसतं तेल पुरत नाही, आधी गरम पाणी लागतं! जाणून घ्या कारण

भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरतात आणि कोकणातल्या वाड्यांमध्ये शेती संरक्षण परवान्याच्या बंदुका भिंतीवरून खाली येतात. रात्री एखादा बार निघतो, डुकरं पळतात, माणूस दमून घरी येतो आणि बंदूक पुन्हा खुंटीला. फार तर नळीवरून तेलाचा हात फिरतो. आमच्या आजोळीही हेच चालायचं. नळी बाहेरून कायम चकचकीत, पण एका पावसाळ्यानंतर गजाला चिंधी बांधून आत घातली तर ती विटकरी रंगाची होऊन बाहेर आली. तेल तर लावलेलं होतं, मग गंज चढला कसा?

कारण सोपं आहे. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. ही दारू पूर्ण जळून धूर होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. थोडा धुरात उडतो, बाकीचा नळीच्या आत काळा थर होऊन बसतो. या थरात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ कसं पाझरतं, तसंच. ओल, क्षार आणि लोखंड एकत्र आलं की गंज चढायला एक रात्रही पुरते.

त्यात केपाची भर. जुन्या पद्धतीच्या केपात पोटॅशियम क्लोरेट असतं. घोडा पडून केप फुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. म्हणजे खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊच. तो निपलच्या बारीक भोकात आणि नळीच्या बुडाशी जाऊन बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मीठ तेलात विरघळत नाही. रॉकेलमध्ये नाही, पेट्रोलमध्येही नाही. ते विरघळतं फक्त पाण्यात. क्षारावर तेल लावणं म्हणजे घाण झाकून ठेवणं. वरून नळी तुळतुळीत दिसते आणि तेलाखाली लोखंड खाल्लं जातं.

ही अडचण फक्त आपल्या ठासणीच्या बंदुकीची नाही. थ्री नॉट थ्री रायफलच्या जुन्या गोळ्यांच्या केपातही हेच क्लोरेट असायचं. त्यामुळे ब्रिटिश फौजेत गोळीबारानंतर नरसाळ्यानं नळीत उकळतं पाणी ओतायची रीत होती आणि त्यासाठी खास नरसाळंही दिलं जायचं. अमेरिकेत हौशी नेमबाज जुन्या लष्करी गोळ्या एसकेएससारख्या अर्धस्वयंचलित रायफलीत वापरत आले आहेत. तिथे काम आणखी वाढतं. त्या रायफलीत गोळीमागचा वायू एका छोट्या नळीतून मागे येऊन दट्ट्या ढकलतो, म्हणून क्षार त्या वायुनळीत, दट्ट्यावर आणि बोल्टच्या तोंडावरही बसतात. मुख्य नळी धुतली आणि दट्ट्या विसरला, तर तो गंजून अडकतो. आपल्या बंदुकीत एवढे भाग नाहीत, ते एक बरं.

मग करायचं काय? सगळ्यात आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री. निपलवर केप नको. गज नळीत बुडापर्यंत सोडा, तोंडापाशी बोटानं खूण धरा, मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहा. गज बुडापर्यंत पोचत नसेल तर आत बार भरलेला आहे. अशा बंदुकीला घरी हात लावू नका. नळी माणसांपासून आणि घरापासून दूर वळवून ठेवा आणि परवानाधारक कारागिराला बोलवा. डुकरांच्या दिवसांत भरलेली बंदूक तशीच टांगून ठेवायची सवय अनेक घरांत आहे, म्हणून हे जरा ठासूनच सांगतोय. दारूची पिशवी आणि चूलही एकमेकांपासून लांब असू द्या.

रिकामी असेल तर पुढचं काम अर्ध्या तासाचं. नळी दस्त्यापासून सहज सुटत असेल तर सोडवा, नाहीतर दस्त्याला जुनं कापड गुंडाळा. लाकडात पाणी मुरता कामा नये. बादलीत कढत पाणी घ्या, त्यात थोडा साबण. नळीचं निपलकडचं टोक पाण्यात बुडवा आणि गजाला चिंधी बांधून वर-खाली करा. पिचकारीसारखं पाणी निपलच्या भोकातून आत-बाहेर होतं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो गंधकाचा वास, घाबरू नका. पाणी बदला. ते स्वच्छ येईपर्यंत हेच करा आणि शेवटी नुसत्या कढत पाण्यानं धुवा. पाणी कढत असण्याचा फायदा असा, की नळी तापते आणि आतली ओल आपोआप उडते. तरीही कोरड्या चिंध्या फिरवाच. निपलच्या भोकात बारीक तार घालून बघा. घोड्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा.

तेल त्यानंतर. शिलाई मशीनचं तेल उत्तम. खोबरेल तेल बरेच जण लावतात, पण थंडीत ते गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. दुसऱ्या दिवशी चिंधी पुन्हा एकदा फिरवा. पांढरी किंवा काळपट आली तर ठीक, तांबूस आली तर धुण्यात काहीतरी राहिलंय. आणि हो, पुढच्या वेळी वापरण्याआधी आतलं तेल पुसून काढा. नाहीतर दारू ओली होऊन ऐनवेळी नुसती केप वाजते.

बारा बोअरच्या काडतुसाच्या बंदुकीला हा एवढा सोपस्कार सहसा लागत नाही. नव्या काडतुसांत बिनधुराची दारू असते आणि बहुतेकांच्या केपात क्लोरेट नसतं. घरात पडलेली फार जुनी काडतुसं मात्र वेगळी गोष्ट. ती न वापरलेलीच बरी.

साफसफाई घरी चालते, दुरुस्ती नाही. शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे गावातल्या लोहाराकडे नळी घेऊन जाऊ नका. आणि शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर मारण्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

निवडणूक लागली की अनेकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. शेतकऱ्यांची खरी गोची तिथे होते. बार काढून न धुतलेली बंदूक महिना-दोन महिने तशीच पडून राहिली, तर परत मिळते तेव्हा नळीत खड्डे पडलेले असतात. अशी खाल्लेली नळी बार सोडताना फुटण्याचा धोका असतो. म्हणून जमा करण्याच्या आदल्या दिवशी बंदूक धुऊन, सुकवून, तेल जरा सढळ हातानं लावा आणि कोऱ्या सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. मोबाईलवर नळीचे आणि नंबरचे फोटो काढून ठेवा, पावती मागून घ्या. परत मिळाली की ठाण्याच्या आवारातच कापड सोडून एकदा नीट बघा.